शेजारच्या सीटची नोंद

रीडिंगसाहेबांची गाडी एका सकाळी सुरूच होईना, आणि नेमका त्याच दिवशी त्यांचा मेहुणा घरी मुक्कामाला होता. नुसतं संकट आलं तर माणूस ते निभावून नेतो. संकटाबरोबर मेहुणाही आला की कंबरडं मोडतं. मेहुण्याने बनियनवरच खाली येऊन बॉनेट उघडलं, दोन-चार ठिकाणी बोट लावून पाहिलं, काळं झालेलं बोट रीडिंगसाहेबांच्या नव्याकोऱ्या फडक्याला पुसलं आणि "बॅटरी गेली" असं जाहीर केलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा हेच मघापासून सांगत होता, पण दिव्याला कोणी मान देत नाही.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. वीज कंपनीत बिल दुरुस्तीच्या खिडकीत बसून बसून ते सगळ्यांचे रीडिंगसाहेब झाले होते. खिडकीवर येणारा प्रत्येक जण म्हणायचा की रीडिंग चुकलंय, आम्ही एवढी वीज वापरूच शकत नाही. साहेब मान वर न करता म्हणायचे, "मीटर खोटं बोलत नाही. पुढचे या." या एका वाक्यावर त्यांची उभी नोकरी पार पडली होती. लोक शिव्या देत जायचे, पण जायचे.

तर गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. मेहुणाही बरोबर आला, कारण "भावोजी, तुम्ही साधे माणूस, तुम्हाला गुंडाळतील." तिथे काचेच्या टेबलामागे एक हसतमुख मुलगी बसली होती. हसणं तिच्या पगारात धरलेलं असावं, कारण वाईट बातमीही ती त्याच चेहऱ्याने सांगत होती.

"सर, बॅटरी वॉरंटीत बदलून नाही मिळणार."

"का बरं? गाडी घेऊन जेमतेम वर्ष झालंय."

"वापर चुकीचा झालाय ना, सर. गाडीतल्या रेकॉर्डरमध्ये सगळं येतं. रोज संध्याकाळी गाडी बंद पडलेल्या शीतगृहाच्या भिंतीपाशी उभी असते. इंजिन बंद, रेडिओ चालू, ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली. सुट्टीचा दिवस सोडला तर रोजच, सर. मग बॅटरी बिचारी किती दिवस टिकणार?"

रीडिंगसाहेबांची कानशिलं तापली. "तुमचं काहीतरी चुकतंय," ते म्हणाले.

"गाडी खोटं बोलत नाही, सर."

हे वाक्य इतकं उद्धट असतं, हे साहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खिडकीच्या पलीकडून ते ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मेहुण्याने मात्र खुर्ची पुढे ओढली होती. "सीटवर एकच जण असतो का हो?" त्याने विचारलं.

"शेजारच्या सीटचीही नोंद असते, पण ती फक्त मालकांना सांगता येते."

"मालक हे काय, समोर बसलेत. सांगा की."

"काही सांगायची गरज नाही," असं म्हणून रीडिंगसाहेब उठलेच. आणि इथे त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. ज्याची शेजारची सीट रिकामी असते तो माणूस शांतपणे म्हणतो, सांगा. हे शहाणपण त्यांना जिना उतरताना सुचलं. तरी ते एकदा परत वर गेले आणि आवाज खाली आणून त्या मुलीला विचारलं, "गाडीत कोणी काही बोललं, तर तेही त्यात येतं का?" मुलगी म्हणाली, "आवाजाचं आम्हाला नाही माहीत, सर. ते वरच्या ऑफिसला विचारा." मागे वळून बघतात तो दारात मेहुणा.

आता त्या भिंतीपाशी साहेब रोज काय करत होते, ते सांगून टाकतो. काही करत नव्हते. बूट काढायचे, सीट मागे घ्यायची, रेडिओ हळू लावायचा आणि बसायचं. दिवसभर खिडकीवर माणसं विचारत की एवढं बिल आलंच कसं. घरी वडील विचारत, "बाळ, फाटक लावलं का?" वडील एके काळी मोठे कडक हेडमास्तर होते. आता अंथरुणाला खिळले होते आणि त्यांच्या डोक्यात एक फाटक तेवढं शिल्लक राहिलं होतं. ते फाटक या तीन खोल्यांच्या फ्लॅटला नव्हतंच. लावलं म्हणून सांगितलं की थोडा वेळ शांत, मग पुन्हा तेच. शीतगृहाच्या भिंतीपाशी मात्र कोणी काही विचारत नव्हतं. घरी त्यांनी सांगून ठेवलं होतं की रस्त्यात फार गर्दी असते. एवढी गर्दी व्हायला त्या गावात तेवढ्या गाड्याच नव्हत्या, पण बायको म्हणायची, "आजही होती का गर्दी?" आणि ते म्हणायचे, "विचारू नकोस."

इथवर सगळं ठीक होतं. चारचौघांत हसं झालं असतं इतकंच. पण एकट्या माणसाला बोलायची सवय लागते. साहेबही गाडीत बोलायला लागले होते. आधी वरिष्ठांना द्यायची राहिलेली उत्तरं झाली, मग मेहुण्याबद्दलची खरी मतं झाली. आणि वडिलांनी रात्रभर कुणाला झोपू न दिल्यावर एका संध्याकाळी त्यांच्या तोंडून गेलं, "सुटा हो आता एकदाचे. आम्हालाही सोडा." हे ते मोठ्याने बोलले होते. त्यानंतर बराच वेळ त्यांना रेडिओवर काय लागलंय ते कळलं नाही. हे वाक्य कुठल्या तरी डबीत बसलेलं आहे आणि कोणीही हसतमुख मुलगी ते ऐकू शकते. ती डबी पुसायची, नाहीतर उपटून फेकायची, असं त्यांनी ठरवलं. काम छोटंसं होतं. गोंधळ नेहमी छोट्याच कामांतून होतात.

मेहुण्याने आईची शपथ घेऊन सांगितलं की तो कोणाला काही बोलणार नाही. त्यामुळे संध्याकाळपर्यंत ही गोष्ट खालच्या मजल्यावरच्या ऑडिटरांना कळली. हे गृहस्थ निवृत्त झाले होते, पण तपासणी सुटली नव्हती. सोसायटीच्या टाकीत पाणी किती, हेही ते वाकून बघत. त्यांनी साहेबांना जिन्यातच गाठलं.

"माझं ऐका, अर्ज करा," ते म्हणाले. "वरच्या ऑफिसला एक प्रत, परिवहन खात्याला एक, एक आपल्याकडे. विषयात स्पष्ट लिहा, 'खासगी आयुष्यातील बाबींच्या नोंदी नष्ट करण्याबाबत'."

"पण तशा काही बाबीच नाहीत हो."

"तसं अर्जात लिहू नका. मग अर्ज कशाला, असं विचारतील."

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अशा लेखी भानगडीत पडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी साहेबांच्या बायकोला जिन्यात थांबवून दंडावर हात ठेवला आणि "काही लागलं तर सांगा हं" एवढंच म्हटलं. बायको वर येऊन म्हणाली, "अहो, मी आजारी दिसते का?" साहेबांनी पेपर वर धरला. बायकोच्या कानावर जायच्या आत हे निस्तरायला हवं होतं, आणि कान तर जिन्यात येऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन त्यांनी गाडीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला, की सेवेच्या दर्जासाठी आपलं बोलणं नोंदवलं जात आहे. साहेबांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. नोंद होते अशी तक्रार करायची, आणि तिचीही नोंद होणार. तरी त्यांनी चिकाटीने सगळं सांगितलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "माहिती पुसण्याची विनंती करता येते, सर. गाडी घेताना दिलेल्या मोबाइलवर एक नंबर येईल, तो आम्हाला सांगा."

आता आपल्याकडची एक रीत सांगायला हवी. दुकानात, दवाखान्यात, कुठेही फोन नंबर मागितला की घरातला पुरुष बायकोचा नंबर देतो. जाहिरातींचे फोन तिला येऊ देत, आपल्या कामात व्यत्यय नको. साहेबांनी गाडी घेताना हेच केलं होतं, आणि वर विक्रेत्याकडे पाहून डोळाही मिचकावला होता.

तेवढ्यात घरून फोन आला. बायको म्हणाली, "अहो, मला मेसेज आलाय. गाडीच्या नोंदी पुसायच्या असतील तर हा नंबर सांगा, म्हणून. आणि खाली लिहिलंय, हा नंबर कोणालाही सांगू नका. मग तुम्हाला सांगू की नको?"

"फसवणूक आहे ती," साहेब म्हणाले. "अजिबात सांगू नकोस. मलाही नको."

"बरं," बायको म्हणाली. तिच्या त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं, पण साहेबांना ते ऐकायला सवड नव्हती.

मग परिवहन खातं. तिथे खिडकी होती, आणि खिडकीत एक मान होती जी वर होत नव्हती. साहेबांनी स्वतःची पूर्ण ओळख दिली, आपणही खिडकीतलेच आहोत असं सुचवलं. मान म्हणाली, "गाडी तुमची. गाडीतली नोंद कंपनीची. आमच्याकडे फक्त नंबरप्लेटचं काम."

"अहो, पण बोलणं माझं आहे ना?"

"कोणतं बोलणं?" असं म्हणून मान पहिल्यांदाच वर झाली. साहेबांनी काढता पाय घेतला. मागच्या बाईने पुढे सरकताना त्यांच्याकडे असं पाहिलं की रांगेतली सगळी माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. अब्रू जायला फार काही लागत नाही.

उरला वायरमन. पदरच्या पैशाने नवी बॅटरी बसवून साहेब गाडी घेऊन त्याच्याकडे गेले. बाजारामागच्या गल्लीत गाड्यांची वायरिंग करणारा हा इसम मेहुण्याने शोधून काढला होता, आणि म्हणूनच साहेबांनी सावध राहायला हवं होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. वायरमनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रेकॉर्डर ना? त्यात काय. अशा डब्या कितीतरी काढल्यात." किती काढल्या ते त्याने सांगितलं नाही, आणि त्या गाड्या पुढे चालल्या का, हे साहेबांनी विचारलं नाही. दोघांचंही चुकलंच.

"तुम्ही आत बसा, काच वर घ्या आणि ब्रेक दाबून धरा," वायरमन म्हणाला आणि पुढच्या चाकाशी आडवा झाला. थोड्या वेळाने खालून "ही बघा, सापडली" असा आवाज आला. मग कट्कन काहीतरी तुटलं. त्यासरशी हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. चारही दारं खाडकन लॉक झाली आणि पट्ट्याने साहेबांना सीटला आवळून धरलं. गाडीला वाटलं, आपली चोरी होते आहे. आता गाडीलाही वाटायला लागलं म्हटल्यावर माणसाने बोलायचं काय? वायरमन खालून बाहेर आला, काचेला नाक लावून काहीतरी ओरडला आणि "सामान घेऊन येतो" अशी खूण करून निघून गेला. तो पुन्हा दिसला नाही.

गाडीने आपलं कर्तव्य केलं. नोंद यंत्रणेशी छेडछाड होत आहे, वाहन अमुक ठिकाणी आहे, असा संदेश नोंदवलेल्या मोबाइलवर पाठवला. हा मोबाइल कोणाचा, ते वर आलंच आहे. साहेब आत घामाने निथळत बसले होते, बाहेर गल्ली जमली होती. लोक काचेतून त्यांना निरखत होते. कोणी म्हणत होतं चोर सापडलाय, कोणी म्हणत होतं चोर वयस्क दिसतोय. एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बायको, तिच्यामागे मेहुणा आणि मेहुण्यामागे ऑडिटर असे तिघे येऊन उभे राहिले.

"भावोजी, घाबरू नका," मेहुणा काचेवर थापा मारत ओरडला. ऑडिटर पलीकडच्या काचेशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, अर्ज करा." बायको नुसती आत बघत राहिली, आणि साहेबांना एकदम वाटलं की या काचेतून या माणसाकडे असं बघायची तिला सवय आहे.

शेवटी सर्व्हिस सेंटरचा माणूस आला आणि त्याने दार उघडलं. गाडी ओढून नेली, डबी पुन्हा जागच्या जागी बसवली. वायरमनने तोडली ती चोरीच्या अलार्मची वायर होती. मेहुणा दुसऱ्या दिवशी आपल्या घरी गेला. जाताना त्याने "ताई, मनाला लावून घेऊ नकोस" असं म्हटलं आणि रीडिंगसाहेबांकडे बघितलंही नाही.

तो गेल्यावर साहेब स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. वाक्यं तयार होती. तुला वाटतं तसं काही नाही. तिथे कोणी नसतं. मी नुसता बसतो.

"मला माहीत आहे," बायको म्हणाली. ती भांडी पुसत होती. "गाडी तिथे थांबली की रोज मेसेज येतो. तुम्हीच दिला होतात ना माझा नंबर."

साहेब दारातून एक पाऊल आत आले. "म्हणजे वर्षभर तू माझ्यावर पाळत ठेवलीस?"

"मी कशाला ठेवीन? गाडीने ठेवली. मी वाचलं."

"आणि रोज मला विचारत होतीस, गर्दी होती का म्हणून?"

"तुम्ही रोज सांगत होतात, होती म्हणून."

स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोने आपल्याला मूर्खासारखं वर्षभर खोटं बोलू दिलं, याचा त्यांना असा संताप आला की आवाज चढला असता. पण पलीकडच्या खोलीत वडिलांचा नुकताच डोळा लागला होता. या घरात भांडायचं तेही कुजबुजत.

"शेजारची सीट रिकामी असते, ते पहिल्याच महिन्यात बघितलं," बायको म्हणाली. "मग बघायचं सोडून दिलं. एकदा मात्र तिथे येऊन गेले. तुम्ही फोन घरी विसरला होतात, तो द्यायला. बाबांना वहिनींकडे सोपवून बसने आले. रस्त्यापलीकडे उभी होते. तुमचे बूट बाहेर होते, डोळे मिटलेले होते, आणि एकटेच काहीतरी बोलत होतात. घरी बसता तसे बसला नव्हतात. म्हणून फोन न देताच परत आले."

"मी काय बोलत होतो ते..." साहेबांनी पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. "ते येतं का त्या मेसेजमध्ये?"

"नाही येत. आणि मला ऐकायचंही नाही." तिने हातातलं पातेलं ओट्यावर उपडं घातलं. "काय बोलत असाल ते मला माहीत आहे. तेच मी इथे नळ सोडून बोलते. दिवसभर मीच असते ना त्यांच्यापाशी. तुम्हाला संध्याकाळचा एक तासही त्यांच्यापाशी जड झाला होता."

रीडिंगसाहेबांना खूप काही सांगायचं होतं. माफी मागायची होती, आणि मुख्य म्हणजे आपला मान दुखावला गेलाय हेही तिच्या कानावर घालायचं होतं. कशापासून सुरुवात करावी हे ठरेपर्यंत बायकोने हात पुसले आणि त्यांच्यापुढे पंजा धरला.

"चावी द्या," ती म्हणाली. "उद्यापासून तुम्ही बसने घरी यायचं आणि बाबांना भरवायचं. वर्षभर तुमचं झालं. आता माझं."

गाडी चालवायला ती त्यांच्या आधी शिकली होती. त्यांना ते आठवतही नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी साहेब बसमध्ये उभ्याने घरी आले. बायकोने वाटी त्यांच्या हातात दिली, केस सारखे केले आणि ती गेली. आपला फोन तिने टेबलावर, वडिलांच्या औषधांशेजारी ठेवला होता. तो ती विसरली नव्हती. साहेब वडिलांना एकेक घास भरवत होते आणि फाटकाची उत्तरं देत होते. तेवढ्यात फोन वाजला. गाडी शीतगृहाच्या भिंतीपाशी थांबली होती.

दुसऱ्याच्या एकांतात नाक खुपसणं किती नीच आहे, हे गेले काही दिवस त्यांनी कंपनीला, खात्याला, ऑडिटरांना आणि वायरमनलाही समजावलं होतं. तेव्हा फोनला हात लावायचा नाही, हे उघडच होतं. त्यांनी चमचा धुऊन ठेवला. वडिलांचं तोंड पुसलं. पांघरूण नीट केलं. मग फोन उचलला.

इंजिन बंद. रेडिओ बंद. ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली. शेजारची सीट रिकामी. साहेबांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची इतकी लाज वाटली की फोन त्यांनी पालथा घातला. बायकोने वर्षभरापूर्वी एकदा बघितलं होतं आणि तिला पुरलं होतं. तिच्यापेक्षा आपण कमी नाही, असं त्यांनी ठरवलं.

आठवडाभर ती रोज जात होती आणि आठवडाभर शेजारची सीट रिकामीच होती. हे त्यांनी रोज बघितलं.